भाड्याच्या सदनिकांवर मर्यादा घालावी का, आणि घातलीच तर प्रतीक्षायादी कशी चालवावी?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या अपार्टमेंटचा सचिव म्हणून हा विषय मांडत आहे. इमारतीत एकूण ६० सदनिका आहेत. त्यांपैकी २८ मध्ये मालक स्वतः राहतात, २७ भाड्याने दिलेल्या आहेत आणि ५ अजून बांधकाम व्यावसायिकाच्याच नावावर आहेत. मालकांत रावेर, यावल, चोपडा या भागांतली शेतकरी कुटुंबे बरीच आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी जळगावात घर घेतले, पुढे मुले पुण्याला, मुंबईला, सुरतेला नोकरीला लागली आणि घर भाड्याने गेले. यात कोणाचे काही चुकले असे मी म्हणत नाही.

अडचण अशी आहे की इमारतीचा कारभार पाहायला माणसे उरलेली नाहीत. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, म्हणून सभा तहकूब करून पुन्हा घ्यावी लागते. लिफ्टचे मोठे काम काढायचे आहे, पण वर्गणीचा ठराव आला की बाहेरगावचे मालक फोनवर हो म्हणतात आणि पैसे पाठवायला सहा-सहा महिने लावतात. भाडेकरू मंडळी वागायला चांगली आहेत, पण त्यांना मत नाही, आणि दोन-तीन वर्षांत सोडून जायचे असल्यामुळे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विचार त्यांनी का करावा, हा प्रश्नही रास्तच आहे.

म्हणून समितीसमोर असा प्रस्ताव आला आहे की एकूण सदनिकांच्या ४० टक्के, म्हणजे २४ पेक्षा जास्त सदनिका एका वेळी भाड्याने असू नयेत. ही कुणकुण लागताच चार मालकांनी आपल्यालाही घर भाड्याने द्यायचे असल्याचे अर्ज दिले आहेत. म्हणजे मर्यादा लागू होण्याआधीच यादी तयार झाली. कायद्याने असे करता येते का, आणि ही यादी न्यायाने कशी चालवायची, यावर अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझरा (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, सर्वात आधी तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे लागेल, कारण इथेच अनेकांची गल्लत होते. बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था वेगळी आणि महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र करून झालेले अपार्टमेंट वेगळे. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची असते आणि सभासदाला सदनिकेचा हक्क भागांच्या व सभासदत्वाच्या नात्याने मिळतो. अपार्टमेंटमध्ये मालक आपल्या सदनिकेचा पूर्ण मालक असतो आणि जमीन व सामायिक जागा यांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. अमेरिकेत ज्याला काँडोमिनियम म्हणतात, त्याच्याशी आपला हा दुसरा प्रकार जुळतो.

तुमची इमारत सहकारी संस्था असती तर मी सरळ सांगितले असते की या वाटेला जाऊ नका. आदर्श उपविधींनुसार सभासदाला सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने संस्थेला कळवायचे, नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची आणि पोलिस ठाण्यात माहिती दिल्याची प्रत जोडायची, एवढेच त्याचे कर्तव्य आहे. उपविधी असे सांगत असताना सर्वसाधारण सभेने साध्या ठरावाने २४ चा आकडा घातला, तर निबंधक कार्यालयात तो ठराव टिकणे कठीण आहे. बिनभोगवटा शुल्काचे, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते त्या शुल्काचे, उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. संस्था मन मानेल तसे शुल्क लावू लागल्या, तेव्हा शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली आदेश काढून ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. भाड्याने देणाऱ्या सभासदाला संस्थेने नाडू नये, असेच धोरण त्यातून दिसते.

अपार्टमेंटमध्ये मात्र सगळे घोषणापत्रावर आणि त्याला जोडलेल्या उपविधींवर अवलंबून आहे. तुमच्या घोषणापत्रात दुरुस्तीसाठी किती बहुमत सांगितले आहे?

गिरणाकाठ (जळगाव)

आमचे अपार्टमेंटच आहे. घोषणापत्र काढून वाचले. उपविधी बदलायचे तर सदनिकांच्या एकूण मूल्यापैकी किमान ७५ टक्के मूल्याच्या मालकांची संमती लागते, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे डोकी मोजून भागणार नाही, आणि बांधकाम व्यावसायिकाच्या ५ सदनिकांचे मतही धरावे लागेल.

पांझरा (धुळे)

मग २८ रहिवासी मालकांनी एकत्र येऊन बाकीच्यांवर नियम लादणे तुम्हाला शक्यच नाही, आणि माझ्या मते हे चांगलेच आहे. भाड्याने देणाऱ्या मालकांपैकीही अनेकांना नियम पटला तरच तो होईल. बदल झालाच तर दुरुस्तीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवून घ्या. नाहीतर उद्या घर विकत घेणारा म्हणेल की मला हे माहीतच नव्हते, आणि त्याचे म्हणणे खरे असेल.

भुसावळकर

मी रेल्वेत नोकरीला आहे. भुसावळात माझी स्वतःची सदनिका आहे आणि बदलीमुळे मी सध्या दुसऱ्या राज्यात भाड्याने राहतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. भुसावळात रेल्वे, दीपनगरचे वीजकेंद्र आणि आयुधनिर्माणी यांच्यामुळे निम्मे गाव बदलीच्या नोकरीतले आहे. माणूस कर्ज काढून घर घेतो आणि हप्ते चालू असताना बदलीचा आदेश येतो. अशा माणसाला तुम्ही सांगणार की तुमचा क्रमांक पाचवा आहे, घर बंद ठेवून हप्ते भरत राहा?

माझा मूळ आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी एकही भाडेकरूंमुळे आलेली नाही. वर्गणी थकते ती मालकाकडून, मग त्या मालकाकडून व्याजासह वसूल करा. गणपूर्ती होत नसेल तर बाहेरगावच्या मालकाला लेखी मुखत्यार नेमू द्या आणि सभा दिवाळीच्या किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत ठेवा, जेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी तशीही गावी आलेली असतात. २७ च्या जागी २४ सदनिका भाड्याने गेल्या म्हणून तीन माणसे वाढून गणपूर्ती होईल, असे खरोखर वाटते का?

गिरणाकाठ (जळगाव)

भुसावळकर दादा, तुमचा आक्षेप मी समितीपुढे जसाच्या तसा वाचून दाखवला. मुखत्यारपत्राची आणि सभेच्या दिवसाची सूचना तिथल्या तिथे मान्य झाली. तरीही मर्यादेची गरज संपते असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण २७ हा आकडा नसून त्याची चाल आहे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक सदनिकेला घेणारा राहण्यासाठी आलेला नाही, गुंतवणुकीसाठी आला आहे. विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय, एमआयडीसी यांच्यामुळे भाडेकरू लगेच मिळतो. एका सदनिकेत तर कॉट बेसिसवर नऊ मुले ठेवली होती. वाघूर धरणाचे पाणी आमच्याकडे रोज येत नाही, त्यामुळे साठवणीच्या टाकीवर सगळी इमारत चालते. त्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवर सकाळी आठनंतर नळाला थेंब येत नसे. मुलांना बोलून उपयोग नव्हता, त्यांनाही आंघोळ लागतेच. त्या सदनिकेचा मालक इमारतीत राहत असता तर त्याने नऊ कॉट टाकल्या नसत्या.

पांझरा (धुळे)

तो प्रश्न मर्यादेने सुटत नाही, भाऊ. २४ सदनिकांपैकी प्रत्येकीत नऊ मुले राहिली तरी तुमची मर्यादा पाळलेलीच राहील. एका सदनिकेत किती माणसे राहावीत याचा नियम वेगळा करा, तो मालक आणि भाडेकरू दोघांनाही सारखाच लावा, आणि सदनिका कॉट बेसिसवर किंवा वसतिगृहासारखी चालवता येणार नाही, एवढे उपविधीत स्पष्ट लिहा. हे दोन विषय एकत्र केले तर चांगल्या भाडेकरूंनाही उगाच दोष लागतो.

तापीतीर (शिरपूर)

माझी मुलगी आणि जावई फ्लोरिडात काँडोमिनियममध्ये राहतात, आणि मागे मी त्यांच्याकडे असताना हाच वाद तिथे जोरात चालला होता. तेव्हा मी कुतूहलाने बरेच वाचले. ते इथे लिहिते, कारण तिकडे हे प्रयोग आपल्या आधी होऊन गेले आहेत.

तिथे मर्यादा घालण्यामागे गृहकर्जाचे एक ठोस कारण आहे. सरकारी विम्याचे गृहकर्ज एखाद्या इमारतीतल्या सदनिकेला मिळायचे असेल, तर त्या इमारतीतल्या साधारण निम्म्या सदनिकांत मालक स्वतः राहत असावेत, असा तिथला जुना निकष आहे. २०१६ च्या एका कायद्याने तो ३५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची वाट मोकळी केली. भाड्याची घरे फार वाढली तर नव्या ग्राहकाला कर्ज मिळत नाही, ग्राहक कमी झाला की घराची किंमत उतरते, आणि त्याचा फटका भाड्याने देणाऱ्या मालकालाही बसतो. त्यामुळे मर्यादेत सगळ्यांचाच स्वार्थ असतो. आपल्याकडे बँका असा हिशेब करत नाहीत, म्हणून तिकडचा आकडा इकडे आणण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

आधीच्या मालकांचे काय करायचे, हा प्रश्न फ्लोरिडात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. क्लिअरवॉटर या गावच्या वूडसाइड व्हिलेज नावाच्या संकुलाने बारा महिन्यांत नऊ महिन्यांपेक्षा जास्त काळ घर भाड्याने देता येणार नाही, अशी दुरुस्ती केली. ज्यांनी भाड्यासाठीच घरे घेतली होती, ते भांडले. २००२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संकुलाच्या बाजूने निकाल दिला. घोषणापत्र पुढे बदलू शकते हे घेणाऱ्याला घेतानाच माहीत असते, असे त्यामागचे तत्त्व होते. लोकांना ते रुचले नाही. २००४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि भाड्यावरची अशी बंधने फक्त संमती देणाऱ्या मालकांना व दुरुस्तीनंतर घर घेणाऱ्यांनाच लागू होतील, असे ठरवले. कॅलिफोर्नियात आणखी पुढे जाऊन २०२१ पासून असा कायदा आहे की २५ टक्क्यांपेक्षा कमी मर्यादा ठेवताच येणार नाही, मात्र ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचे भाडे संकुलाला बंद करता येते.

म्हणजे न्यायालयाने संकुलाला अधिकार दिला आणि लोकप्रतिनिधींनी तो आवरला. आपण सुरुवातीपासूनच जुन्या मालकांचा हक्क राखून नियम केला तर बरे.

गिरणाकाठ (जळगाव)

तापीतीर ताई, फार उपयोगी माहिती दिलीत. जुन्यांचा हक्क राखायचा हे आम्हालाही पटते, पण कागदावर हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.

समजा आजच्या २७ सदनिकांना, मालकी बदलेपर्यंत, भाड्याने देण्याचा हक्क कायम राहिला. मर्यादा २४ ची. आता यादीतल्या पहिल्या अर्जदाराला परवानगी कधी मिळणार? एक जुनी सदनिका विकली गेली तर संख्या २६ होते, दुसरी गेली तर २५, तिसरी गेली तर २४. इथे मर्यादा गाठली जाते, पण पहिल्याला जागा मिळत नाहीच. चौथी सदनिका विकली गेली किंवा तिचा मालक स्वतः राहायला आला, तर संख्या २३ होईल आणि मग पहिला क्रमांक लागेल. चौथ्या क्रमांकाच्या मालकासाठी अशा सात सदनिका मोकळ्या व्हाव्या लागतील. आमच्याकडे वर्षाला एखाददुसरी विक्री होते. म्हणजे ज्याने आज अर्ज केला आहे, त्याला कित्येक वर्षे थांबावे लागेल, आणि शेजारच्या माणसाने केवळ आधी भाडेकरू ठेवला म्हणून त्याचे उत्पन्न अखंड चालू राहील. याला यादी म्हणायचे की नकार?

यावलची लेक

त्या चार अर्जांसारखाच अर्ज माझ्या आईचाही आहे, मात्र दुसऱ्या एका इमारतीत. म्हणून यादीत उभ्या असलेल्या माणसाची बाजू लिहिते. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. जळगावातले घर विकायला तिचे मन होत नाही, आणि त्या घराच्या भाड्यावर तिचा औषधपाण्याचा खर्च निघाला असता. तिने अर्ज दिला, तेव्हा तो घेतला पण पोच दिली नाही. काही महिन्यांनी विचारले तर सांगण्यात आले की तुमच्या आधी दोघे आहेत. पुन्हा विचारले तर आधी तिघे झाले होते. तो तिसरा कुठून आला, याचे उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही. मर्यादा किती असावी यावर माझे काही म्हणणे नाही. ती ३० टक्के असो की ५० टक्के असो, यादी कोणालाही केव्हाही पाहता आली पाहिजे. जी यादी एकाच माणसाच्या मोबाईलमध्ये किंवा डोक्यात आहे, ती यादी नव्हेच.

नंदनगरी (नंदुरबार)

आमच्या समितीने एक तोडगा काढला होता. यादीत क्रमांक कोणताही असो, ज्या मालकाला चांगले कुटुंब भाडेकरू म्हणून मिळेल त्याला आधी परवानगी द्यायची. त्यामुळे इमारतीत चांगली माणसे येतात.

पांझरा (धुळे)

नंदनगरी दादा, याला माझा ठाम विरोध आहे. चांगले कुटुंब म्हणजे कोणते, हे कोण ठरवणार? अशा ठिकाणी हळूहळू जात, धर्म, ताटात काय वाढले जाते, मुलगी एकटी राहते का, हेच निकष आत शिरतात, आणि कागदावर मात्र नुसते समितीचा निर्णय असे लिहिले जाते. यादी मालकांच्या अर्जांची असते. भाडेकरू कोण असावा हे मालकाने ठरवायचे. समितीने फक्त करार नोंदवला का, पोलिसांना माहिती दिली का, आणि माणसांच्या संख्येचा नियम पाळला जातो का, एवढेच पाहायचे. क्रमांकाच्या पुढे दुसरी कोणतीही गोष्ट ठेवली की यादीवरचा विश्वास गेलाच.

करार नोंदवण्याबद्दल इथेच सांगतो, कारण आपल्याकडे अजूनही पाचशेच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा करार नोटरी करून काम भागवले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यादीत नाव घेताना ही अट घातली तर मालकाचेही भलेच होईल.

केळीबाग (रावेर)

एक वेगळा मुद्दा. माझी जळगावात सदनिका आहे. तिथे माझा मुलगा, दोन पुतणे आणि बहिणीचा मुलगा असे चौघे शिकायला राहतात. कोणाकडूनही भाडे घेत नाही. बहीण दर महिन्याला डाळ-तांदूळ पाठवते, ते भाडे नव्हे. मुलगा पुढच्या वर्षी पदवी घेऊन पुण्याला जाईल. मग घरात फक्त पुतणे आणि भाचा राहतील. त्या दिवशी माझे घर भाड्याचे ठरणार का? आमच्या भागात असे प्रत्येक दुसऱ्या घरात आहे.

पांझरा (धुळे)

केळीबाग आप्पा, सहकारी संस्थांसाठीच्या २००१ च्या आदेशात सभासदाच्या कुटुंबाला, विवाहित मुलीला आणि नातवंडांना बिनभोगवटा शुल्कातून वगळले आहे. पुतण्या-भाच्यांबद्दल वाद घालता येतो. पण अपार्टमेंटला आपला नियम आपण लिहायचा आहे, म्हणून तो आपल्याकडच्या कुटुंबाच्या मापाने लिहावा. भाऊ-बहिणीची मुले मोबदला न देता राहत असतील, आणि मालकाने तसे प्रतिज्ञापत्र दिले असेल, तर ती सदनिका भाड्याची धरू नये. मात्र राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव नोंदवहीत असावे आणि माणसांच्या संख्येचा नियम त्यांनाही लागू असावा. नाहीतर एखादा मालक नऊ भाचे दाखवील.

भुसावळकर

मर्यादा घालायचीच असेल तर मी आता विरोधापेक्षा सूचना करतो. गिरणाकाठ भाऊंच्या हिशेबातून दिसते की जुन्यांचा हक्क कायमचा ठेवला तर यादी गोठते, आणि लगेच काढून घेतला तर अन्याय होतो. मधला मार्ग असा की आज भाड्याने असलेल्या सदनिकांनाही मुदत द्यावी आणि मुदत संपल्यावर, यादीत कोणी थांबलेले असेल तरच, त्या मालकाने यादीच्या शेवटी जावे. कोणी थांबलेले नसेल तर त्याचे चालू राहू द्यावे. अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे तेहतीस महिने, ही मुदत लोकांच्या सवयीला धरून होईल.

यावलची लेक

दादा, कल्पना पटली, पण तेहतीस महिने नकोत. आपल्याकडे घरे बदलली जातात ती मे-जूनमध्ये, शाळा-कॉलेजच्या हिशेबाने. जूनच्या पहिल्या तारखेला सुरू झालेले तेहतीस महिने फेब्रुवारीच्या अखेरीस संपतात. दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हा चालू असतात किंवा तोंडावर आलेल्या असतात. ज्या घरात परीक्षेला बसलेले मूल आहे त्या कुटुंबाला सामान हलवायला लावणारा नियम कोणाच्याच हिताचा नाही. मुदत कोणत्याही महिन्यात सुरू झाली तरी ती ३१ मे रोजीच संपेल, असे लिहा. करार अकराच महिन्यांचा असावा असे काही नाही, तीन वर्षांचाही नोंदवता येतो.

तापीतीर (शिरपूर)

अगदी योग्य. शिवाय एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, या मधल्या काळाचेही लिहून ठेवा. मुलीच्या इमारतीत याच कारणावरून कटुता आली होती. भाडेकरू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जागा पुढच्याला द्यायची म्हटली तर मालक घाईने कोणालाही आणून बसवतो. मुदतच नसेल तर बंद घर वर्षभर जागा अडवून ठेवते.

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्या सर्वांच्या चर्चेवरून समितीने मसुदा केला आहे. इथे ज्यांनी वेळ दिला त्यांना तो आधी कळावा म्हणून त्यातला मुख्य भाग लिहितो.

मर्यादेचा आकडा आम्ही मसुद्यात कोराच ठेवला आहे. सभेत आधी यादीच्या नियमांवर मतदान होईल आणि ते ७५ टक्के मूल्याने मंजूर झाले तरच आकड्याचा विषय घेतला जाईल. यादीत शेवटच्या क्रमांकावर उभ्या असलेल्या मालकाला मान्य होतील असे नियम आपल्याला करता आले नाहीत, तर मर्यादा घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्वतःचे मत मी सभेच्या सूचनेतही लिहिले आहे. समितीतल्या दोघांना ते मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणेही सूचनेत छापले आहे.

जुन्या २७ सदनिकांना पाच वर्षांची मुदत सुचवली आहे, नव्या परवानगीला तीन वर्षांची, आणि दोन्ही मुदती ३१ मे रोजी संपतील. मुदत संपल्यावर यादीत कोणी नसेल तर परवानगी वर्षावर्षाने वाढत राहील. भाडेकरू गेल्यावर नवा आणण्यासाठी नव्वद दिवस मिळतील. आमच्याकडे मार्चमध्ये रिकामे झालेले घर जूनपर्यंत सहसा लागत नाही, म्हणून साठ दिवसांची सूचना मागे घेतली. घर विकले तर परवानगी आणि यादीतला क्रमांक दोन्ही संपतील. वारसाने आले तर दोन्ही वारसाकडे जातील. हे कलम यावलच्या ताईंच्या आईचा विचार करून घातले आहे. बदलीचा लेखी आदेश, गंभीर आजार, किंवा कमावत्या माणसाचा मृत्यू या तीन कारणांसाठी मर्यादेबाहेर तीन सदनिकांना प्रत्येकी एक वर्ष परवानगी देता येईल, आणि त्या वर्षात अर्जदाराचा यादीतला क्रमांक पुढे सरकत राहील. बांधकाम व्यावसायिकाच्या पाच सदनिकांनाही हाच नियम आहे. त्यांनी पाचही एकदम यादीत घालू नयेत म्हणून एका मालकाचा एका वेळी एकच अर्ज यादीत राहील. पुतण्या-भाच्यांचे कलम केळीबाग आप्पांनी मांडलेल्या उदाहरणाप्रमाणेच आहे.

भुसावळकर

बदलीच्या कलमाबद्दल आभार. एकच प्रश्न उरतो. दोन अर्ज एकाच दिवशी आले तर क्रमांक कसा लावणार? आमच्याकडे असे झाले होते आणि दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले.

गिरणाकाठ (जळगाव)

अर्ज फक्त रखवालदाराच्या केबिनमधल्या आवक नोंदवहीत घेतला जाईल. पानांवर आधीच क्रमांक छापलेले असतील, अर्जदार स्वतः तारीख व वेळ लिहून सही करील आणि त्याच पानाची कार्बन प्रत त्याला पोच म्हणून लगेच मिळेल. बाहेरगावच्या मालकाचा अर्ज टपालाने आला तर रखवालदार तो आल्या क्षणी त्याच वहीत चढवील, आणि टपालाची पोच हीच त्याची पोच धरली जाईल. व्हॉट्सॲपवरचा निरोप किंवा सचिवाला फोनवर सांगितलेले धरले जाणार नाही, मग तो सचिव मी असो वा माझ्यानंतरचा कोणी. चालू यादीची प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेली राहील आणि तीत बदल झाला की जुनी प्रत फाइलला लागेल, म्हणजे चौथ्याचा पाचवा कधी व का झाला हे कोणालाही पाहता येईल. सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ठेवली आहे आणि मुखत्यारपत्राचा नमुना सूचनेसोबत सर्व मालकांना टपालाने पाठवला आहे.